शंका-समाधान : कामाच्या जागची भीती

या खेपेला आलेल्या बऱ्याच पत्रांत एकच गाऱ्हाणं आहे. रविवारी उपासनेत सगळं ठीक असतं, सोमवारी कामावर पाय लटपटतात. त्यातली सहा पत्रं घेतली आहेत. लिहिणाऱ्यांची आणि त्यांच्या कंपन्यांची नावं गाळली आहेत. उत्तरं आमच्या सल्लागारांनी एकत्र बसून दिली आहेत. त्यांत पाळक आहेत, समुपदेशक आहेत, तसंच हिशेब आणि वॉर्ड सांभाळणारी माणसंही आहेत.

मी अंधेरीच्या एका बॅक-ऑफिसात विम्याचे क्लेम बघते. दर सोमवारी साडेदहाला रिव्ह्यू असतो. शनिवारपासूनच पोटात गोळा येतो. साहेबांनी नाव घेतलं की आवाज कापतो, तोंडपाठ आकडेही आठवत नाहीत. माझं शिक्षण मराठीतून, मीटिंग सगळी इंग्रजीत. गेले दोन सोमवार मी रजा टाकली. बुधवारच्या प्रार्थनासभेत सांगितलं, तर ‘विश्वास कमी पडतोय’ असं ऐकावं लागलं. (एक भगिनी, कांजूरमार्ग)

ताई, आधी ते प्रार्थनासभेतलं वाक्य बाजूला ठेवा. पौल करिंथला गेला तेव्हा आपण अशक्त, भयभीत आणि कंपित होतो, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय (१ करिंथ २:३). घाबरणं हे अविश्वासाचं माप धरलं, तर पौलही नापास होईल. अटकेच्या रात्री येशू स्वतः जिथे व्याकूळ झाला, त्या गेथशेमाने बागेविषयी तर बोलायलाच नको.

आता कामाचं बोलू. ‘साहेबांची भीती’ हे फार मोठं गाठोडं आहे, ते उघडा. आकडा चुकेल याची भीती आहे, की इंग्रजी अडखळेल याची? सगळ्यांसमोर ओरडा बसेल याची, की नोकरी जाईल याची? कागदावर चारही लिहा आणि प्रत्येकीला दहापैकी गुण द्या. आकड्याच्या भीतीवर उपाय तयारी, इंग्रजीच्या भीतीवर सराव. ओरडण्याचा प्रश्न मात्र साहेबांचा आहे, तुमचा नाही.

रजा टाकणं तेवढं आजपासून थांबवा. रजा टाकली की त्या दिवशी हायसं वाटतं, पण ‘गेले असते तर काहीच बिघडलं नसतं’ हे मनाला कळायची संधीच जाते. पुढचा सोमवार आणखी जड होतो. मीटिंगला उशिरा शिरणं, कॅमेरा बंद ठेवणं, कोपऱ्यातली खुर्ची धरणं हे सगळं त्याच जातीचं. एकदम शेवटच्या पायरीवर उडी नको, पण रोज एक पायरी हवी. पहिल्या आठवड्यात टीम लीडला चॅटवर न विचारता जागेवर जाऊन एक प्रश्न विचारा. मग साहेबांच्या टेबलापाशी थांबून कामाचं एक वाक्य बोला. मग सोमवारी लिहून आणलेली एकच ओळ वाचा. वाचली तरी चालते, पाठ म्हणायला कुणी सांगितलेलं नाही. त्यानंतर अचानक आलेल्या प्रश्नाला उत्तर द्या. एखादी पायरी तीन-चार वेळा करून भीतीचे गुण निम्म्यावर आले की पुढची घ्या. प्रत्येक वेळी आधी लिहा, ‘काय होईल असं वाटतंय’, आणि नंतर, ‘काय झालं’. महिन्याभराने ही वही तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त शिकवेल.

आवाज कापतो तो श्वासामुळे. नाकाने चार आकडे श्वास घ्या, सहा आकडे सावकाश सोडा. असं दहा वेळा केलं की दीड-दोन मिनिटं होतात. बहुतेकांचं चुकतं ते इथे : घाबरल्यावर ‘दीर्घ श्वास’ म्हणून भराभर मोठे श्वास ओढतात. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, गरगरतं, बोटांना मुंग्या येतात आणि भीती वाढते. जोर सोडण्यावर हवा, घेण्यावर नको. आणि सराव मीटिंगच्या दारात करू नका. दोन आठवडे शांत वेळी, घरी किंवा गाडीत बसायला मिळालं तर तिथे, करून ठेवा. सोमवारी सकाळी रिकाम्या पोटी दोन कटिंग मारत असाल, तर तेही थांबवा. चहाने छातीची धडधड वाढते आणि आपल्याला ती भीतीच वाटते.

आता नहेम्याचा दुसरा अध्याय उघडा. राजाचा प्यालेबरदार. राजाने विचारलं, ‘तुझं तोंड का उतरलंय?’ नहेम्या लिहितो, मी फार भ्यालो. पण किसलेवपासून निसानपर्यंत, म्हणजे सुमारे चार महिने, त्याने प्रार्थनेबरोबर तयारीही केली होती. राजासमोर त्याची प्रार्थना एका श्वासाची होती. लगेच मागणी आली : यरुशलेम पुन्हा बांधायला जाऊ द्या. किती मुदत लागेल ते सांगितलं, महानदापलीकडच्या अधिपतींना पत्रं मागितली, लाकडासाठी वनाचा रखवालदार आसाफ याच्या नावे चिठ्ठी मागितली. माणसाचं नाव, लागणारी वस्तू, तारीख, सगळं तयार. तुमच्या रिव्ह्यूचा कागद असाच करा. तीन ओळी पुरे : काय झालं, काय अडलं आणि का, कुणाकडून काय केव्हापर्यंत हवं. ‘४२ क्लेम निकाली. ७ अडले, हॉस्पिटलची मूळ बिलं नाहीत. बुधवारपर्यंत मिळाली तर शुक्रवारी संपतील.’ हे इंग्रजीत शनिवारीच लिहा, एखाद्या सहकाऱ्याला वाचून दाखवा, मोठ्याने पाच वेळा म्हणा. रिव्ह्यूत तेच ते आठ-दहा शब्दप्रयोग फिरत असतात. ते ऐकून टिपून ठेवले की निम्मं काम झालं. आकडा माहीत नसेल तर त्याचंही वाक्य तयार हवं : ‘सर, हा आकडा आत्ता माझ्याकडे नाही, चार वाजेपर्यंत मेल करते.’ आणि मेल पावणेचारला जायला हवा.

प्रार्थना शनिवारी सविस्तर करा, सोमवारी छोटी. मीटिंगआधी बाथरूममध्ये जाऊन पुन्हा पुन्हा, ‘शांती वाटेपर्यंत’ प्रार्थना करत राहिलात तर तीसुद्धा रजेसारखीच पळवाट होते. शांती वाटली नाही तरी आत जायचं, हे आधीच ठरवा.

झोप उडाली असेल, दोन आठवड्यांहून अधिक काळ दिवसातला बराच वेळ मन काळजीतच असेल, किंवा जगणं नको वाटत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. केईएम, नायर आणि सायन रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत चालतो, मराठीतून बोलता येतं. छातीत दुखून घाम फुटला आणि असं पहिल्यांदाच होत असेल, तर ‘भीतीच असेल’ म्हणू नका, आधी ईसीजी काढा. गोळी घेतल्याने विश्वास उणा होत नाही. पौलाच्या सोबत्यांत लूक वैद्य होता.

मशीद बंदरला एका प्रायव्हेट लिमिटेड पेढीत अकाउंट्स बघतो. मार्चअखेर शेठ काही बिलं टाकायला सांगतात. माल आलेला नसतो. ‘तू फक्त एन्ट्री मार, बाकी माझ्यावर’ असं म्हणतात. गेल्या वर्षी मारल्या. घरकर्ज आहे, बायकोला सातवा महिना. नाही म्हणायची भीती वाटते आणि हो म्हणायचीही. (एक बंधू, मुंब्रा)

आधी खात्री करा की खोटंच आहे. मार्चमध्ये बऱ्याच एन्ट्र्या संशयास्पद दिसतात आणि असतात रास्त : खर्च मार्चचा, बिल एप्रिलचं, म्हणून ३१ तारखेची तरतूद. त्यात काही पाप नाही. मालाच्या बिलाला मात्र मालाचा माग असतो. डिलिव्हरी चलन, गोदामाची आवक नोंद, माल घेणाऱ्याची सही, आणि रक्कम मर्यादेच्या वर असेल तर ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचा जीएसटीचा कागद. यातलं काहीच नसेल आणि पैसे फिरून परत येत असतील, तर माल न देता काढलेलं बिल हा जीएसटी कायद्याखाली गुन्हा आहे.

‘बाकी माझ्यावर’ हे शेठ म्हणतात, पण संगणक तसं म्हणत नाही. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग सक्तीचा आहे, आणि तो बंद करता येता कामा नये. कुठली एन्ट्री कुणाच्या लॉगिनमधून कोणत्या दिवशी पडली, मागची तारीख केव्हा घातली, हे सगळं राहतं. लॉगिन तुमचं आहे. म्हणून आजच पासवर्ड बदला आणि पुढे कुणालाही देऊ नका, शेठच्या मुलालाही नाही.

बोलायचं कसं? दानीएलाचा पहिला अध्याय यासाठी वाचण्यासारखा आहे. राजाच्या ताटातलं खायचं नाही, हे त्याने मनात आधीच ठरवलं होतं. अधिकाऱ्याला त्याने विनंती केली, त्याला पापी म्हटलं नाही. अधिकारी म्हणाला, मला राजाची भीती वाटते. दानीएलाने ती भीती खरी मानली, कारभाऱ्यापुढे पर्याय ठेवला, दहा दिवसांची मुदत मागितली. तुम्हीही शेठची अडचण ओळखा. त्यांना बहुतेक नफा कमी दाखवायचा असतो किंवा क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या जीएसटीची वजावट, वाढवायचं असतं. सीएंकडून कायदेशीर काय करता येईल ते विचारायची तयारी दाखवा. वेळ मात्र जपा. ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला जीएसटीआर-३बी ही रिटर्नं भरायची असतात, त्या धावपळीत हा विषय काढलात तर ओरडाच मिळेल. मधल्या एखाद्या दिवशी, दुकान बंद होताना, एकट्यात दहा मिनिटं मागा.

‘शेठ, माल आल्याचा कागद मिळाला की त्याच दिवशी एन्ट्री करतो. कागदाशिवाय माझ्या हातून होणार नाही. बाकी कितीही उशीर थांबायला सांगा, थांबतो.’ एवढंच. वचनं सांगू नका, नरकाचं नाव काढू नका. ते म्हणतील, ‘मग दुसरा करेल.’ त्याला उत्तर नको, गप्प बसा. घरी जाताना एक साधा मेसेज टाका : ‘आज बोलल्याप्रमाणे अमुक बिलांच्या एन्ट्र्या चलन मिळेपर्यंत थांबवल्या आहेत.’ त्यात आरोप नाही, नोंद आहे.

यात माणसं तीन ठिकाणी घसरतात. कंपनीचा डेटा पेन ड्राइव्हवर घरी नेतात. पुरावा म्हणून नेलेली तीच गोष्ट चोरी ठरू शकते. दुसरं, रागाच्या भरात ‘जीएसटीवाल्यांना सांगतो’ म्हणतात. सांगायचं असेल तर वकिलाला विचारून रीतसर सांगा, धमकी म्हणून कधीही नको. तिसरं आपल्या मंडळीतलं खास : प्रार्थनेचा विषय म्हणून पेढीच्या नावासकट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतात. मंगळवारी टाकलेला प्रार्थनेचा विषय गुरुवारी बाजारात पोहोचलेला असतो. पाळकांना आणि एका विश्वासू माणसाला सांगा, पुरे.

गेल्या वर्षीच्या एन्ट्र्यांचं काय? रविवारी देवापुढे कबूल करून तो विषय संपत नाही. जकातदार जक्कय कबुलीवर थांबला नव्हता, त्याने परत करायच्या रकमेचा हिशेब सांगितला. आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत रिटर्नमधल्या चुका दुरुस्त करायची सोय असते. चुकीचं क्रेडिट व्याजासह उलटवता येतं. सीएंना भेटून विचारा, आणि तुमची स्वतःची जबाबदारी किती हे वेगळ्या वकिलाकडून समजून घ्या. पेढीचा वकील पेढीचा असतो.

नोकरी जाऊ शकते. जाणार नाही असं आम्ही सांगणार नाही. दानीएलाच्या पुस्तकात भट्टीपुढे उभ्या त्या तिघांनीही ‘सोडवलं नाही तरी’ हे शब्द आधी उच्चारले होते. म्हणून बोलण्याआधी महिना-दोन महिने घ्या. बायोडेटा बाहेर फिरवा, नोटीस पिरियड किती ते नेमणूकपत्रात पाहा, तीन महिन्यांचा हप्ता आणि बाळंतपणाचा खर्च वेगळा काढा. बायकोला मात्र आजच सांगा. जीएसटी जाणणारा आणि टॅली सफाईने चालवणारा माणूस या शहरात फार दिवस रिकामा बसत नाही. आणि या तयारीच्या काळातही नवी खोटी एन्ट्री मारायची नाही. ‘हे शेवटचं’ असं म्हणून मारलेली एन्ट्रीही लॉगमध्ये तशीच राहते.

खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, अकरा महिने झाले. नाइटला वॉर्डात आम्ही दोघीच. इंजेक्शन चुकेल या धास्तीने चार-पाच वेळा परत जाऊन लेबल बघते, तरी घरी आल्यावर शंका येते. प्रार्थना करूनच ड्युटी धरते. (एक परिचारिका, परळ)

सिस्टर, यातली थोडी भीती ठेवा. ती रुग्णाच्या कामाची आहे. मात्र तिला ठरलेल्या जागा द्या. लेबल तीन वेळा वाचायचं : कपाटातून काढताना, भरताना, देण्याआधी. रुग्णाला ‘तुम्ही शिंदे ना?’ विचारू नका, गुंगीतला माणूस कशालाही हो म्हणतो. ‘तुमचं पूर्ण नाव सांगा’ म्हणा आणि मनगटावरच्या पट्टीवरचा नंबर जुळवा. औषध भरताना कुणी हाक मारली तर ‘दोन मिनिटं’ म्हणा आणि खरोखर दोन मिनिटं थांबवा. चुका बहुधा त्या मधल्या हाकेत होतात.

सगळी औषधं सारखी धोक्याची नसतात. इन्सुलिन, हेपॅरिन आणि पोटॅशियम क्लोराइड या तिन्हींना दुसऱ्या सिस्टरची नजर आणि सही हवीच. तीव्र पोटॅशियम क्लोराइड सरळ शिरेत कधीच ढकलायचं नाही. सलाइनमध्ये, ठरल्या प्रमाणात, ठरल्या वेगाने. इन्सुलिनचा घोळ आपल्याकडे खास आहे. कुपी बहुधा मिलिलिटरला ४० युनिटची, पेनची कार्ट्रिज १०० ची. ४० ची सिरिंज लाल टोपीची, १०० ची नारिंगी टोपीची. १०० युनिटचं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये दहाच्या रेघेपर्यंत भरलं तर रुग्णाला २५ युनिट जातात, म्हणजे अडीचपट. कुपीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी धरून मोठ्याने वाचा. फोनवरची ऑर्डर लिहा, परत वाचून दाखवा, आणि ‘फिफ्टीन’ असेल तर ‘वन फाइव्ह’ म्हणा.

हे एकदा नीट झालं की सही करा आणि परत जाऊ नका. चौथ्या-पाचव्या फेरीने सुरक्षा वाढत नाही. जितक्या वेळा बघाल तितका स्वतःच्या आठवणीवरचा भरवसा कमी होतो. घरी शंका आली तर ‘सही आहे, म्हणजे तपासलंय’ एवढंच म्हणा, फोन करू नका.

उलटी चूकही दिसते. ‘प्रार्थना केलीय, प्रभू सांभाळील’ म्हणून दुसरी सही घ्यायची राहते. हे विश्वासाचं नाव घेऊन केलेलं आळसाचं काम आहे.

आणि चूक झालीच तर? आधी रुग्ण : नाडी, रक्तदाब, गरज पडल्यास साखर, लगेच डॉक्टर. मग इनचार्ज सिस्टर. मग नोंद, वेळेसकट, जे झालं तेवढंच. खाडाखोड नको. चुकलेल्या शब्दावर एक रेघ मारून शेजारी सही. लपवलेली चूक दोन तासांनी डॉक्टरांच्याही हाताबाहेर जाते.

नुकताच बाप्तिस्मा घेतला. कुर्ल्याच्या वर्कशॉपमध्ये मी सर्वांत जुना फिटर, खंडेनवमीला मशीनपुढे नारळ फोडायचा मान माझा. आता काय करू? प्रसाद घ्यावा का? पोरं तुटतील याची भीती वाटते. (एक वाचक)

दादा, चार गोष्टी वेगवेगळ्या करा : तिथे हजर राहणं, वर्गणी, प्रत्यक्ष पूजा करणं, प्रसाद. सगळ्यांना एकच उत्तर नाही.

पूजा स्वतःच्या हाताने करणं थांबवावं, यावर आमच्यात दुमत नाही. हजर राहण्याबद्दल अरामी सेनापती नामानाची गोष्ट बघा (२ राजे ५). धनी रिम्मोनाच्या देवळात माझ्या हाताचा आधार घेऊन वाकतो, तेव्हा मलाही वाकावं लागतं, असं त्याने अलीशा संदेष्ट्याला सांगितलं. अलीशा ‘शांतीने जा’ म्हणाला, वाद घातला नाही. प्रसादावर मंडळ्यांमध्ये मतभेद आहेत आणि ते राहतील. पौल म्हणतो, पुढे ठेवलेलं विचारपूस न करता खा. पण हा देवाला दाखवलेला आहे असं कुणी सांगितलं, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका (१ करिंथ १०). आमच्या सल्लागारांपैकी काही जण घेत नाहीत, काही जण पेढा हा पेढा म्हणून खातात. तुमच्या पाळकांशी बोलून एक ठरवा आणि दरवर्षी तेच ठेवा. एकदा घेतला, एकदा नाही, असं झालं की लोकांना ते सोंग वाटतं.

नवमीच्या सकाळी, हातात नारळ आल्यावर नाही म्हणू नका. तो अपमान होतो. आठवडाभर आधी फोरमनला चहाला न्या आणि सांगा : ‘यंदापासून नारळ तुम्ही कुणाला तरी द्या. माझ्या श्रद्धेत बसत नाही. मशीन मात्र मी आदल्या दिवशी साफ करून, ऑइल करून तयार ठेवतो.’ आणि खरंच ठेवा. लेथच्या बेडमधली किस ब्रशने काढा, गाइडवेज पुसा, कूलंट बदला. वर्गणीतला नाश्त्याचा वाटा द्या, थोडा जास्तच द्या. प्रसाद नको असेल तर हात जोडून ‘माझा राहू द्या’ म्हणा. घेऊन नंतर कचऱ्यात टाकू नका. ते कुणीतरी बघतं, आणि त्या एका गोष्टीने वर्षांची मैत्री जाते. दसऱ्याला सोनं देताना गळाभेट चुकवू नका. आणि नाताळात करंज्यांचा डबा वर्कशॉपमध्ये गेलाच पाहिजे.

वय ४७. पवईच्या कारखान्यात १९ वर्षं कायम कामगार. युनिट गुजरातला हलवणार अशी बोलवा आहे. घरी सांगितलेलं नाही. रात्री झोप लागत नाही. शिवाय नोकरी गेल्यावर दशमांशाचं, म्हणजे मंडळीला द्यायच्या दहाव्या हिश्श्याचं काय? (एक बंधू, विक्रोळी)

घरी आज सांगा. बायको-मुलांना तुमचं तोंड बघून कळलेलंच असतं, त्यांना फक्त कारण माहीत नसतं.

सर्वांत महत्त्वाचं : ‘स्वेच्छेने राजीनामा’ असा कागद पुढे आला तर त्याच दिवशी सही करू नका. कामगाराला कपातीने काढलं तर दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई मिळते. राजीनामा दिला की कायद्याने तिच्यावरचा हक्क राहत नाही. देऊ केलेली रक्कम कितीही गोंडस दिसली, तरी ती लिहून घ्या आणि युनियनकडे किंवा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात दाखवा. ग्रॅच्युइटी याहून वेगळी. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २६,००० असेल तर वर्षाला १५,०००, १९ वर्षांचे २,८५,०००. दोन्ही एकाच आकड्यात घुसडत नाहीत ना, ते बघा.

नोकरी आहे तोवर पीएफचं नाव तपासा. आपल्या लोकांची इथेच अडचण होते. आधारवर एक नाव, बाप्तिस्म्याचं दुसरं, कंपनीच्या रेकॉर्डला ‘सॅम्युएल’ तर बँकेत ‘सामुएल’. एका अक्षराने दावा परत येतो. दुरुस्तीला कंपनीची मंजुरी लागू शकते आणि युनिट बंद झाल्यावर ती मिळवायला वणवण होते. वारसाची नोंदही ऑनलाइन करून घ्या. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो. त्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी करून देता का, हे नोकरीत असतानाच विचारा. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर हे आधी करा. हप्ता चुकणार असं दिसलं तर चुकण्यापूर्वी बँकेत जा.

दशमांश मिळकतीवर असतो, कर्जावर नाही. ज्याच्याजवळ जे आहे त्याप्रमाणे दान मान्य होतं, जे नाही त्याप्रमाणे नाही, हे पौलाने स्पष्ट लिहिलंय (२ करिंथ ८:१२). उसने घेऊन दशमांश भरा असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. मंडळीच्या मदतनिधीतून घ्यायची वेळ आली तर लाजू नका. इतकी वर्षं त्यात तुम्हीही टाकलेलं आहे.

गुड फ्रायडेची रजा मागायची भीती वाटते. दुकानात मी एकटीच ख्रिस्ती. (एक वाचक, दादर)

मागा, आणि लेखी मागा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात सणांच्या आठ भरपगारी सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी ठरवायच्या. म्हणून विषय डिसेंबरमध्ये काढायचा, पवित्र सप्ताहात नाही. फार छोट्या दुकानाला हा कायदा पूर्ण लागू नसतो. तिथे अदलाबदल चालते : दिवाळीच्या गर्दीत एक दिवस जास्त थांबते, त्या बदल्यात हा शुक्रवार. मालक कुरकुरला तर सांगा, त्या दिवशी शेअर बाजार आणि बँकाही बंद असतात. शुक्रवार पूर्ण जमलाच नाही, तर दुपारी बारा ते तीन तरी मोकळे मागा. तारीख दरवर्षी बदलते, तेव्हा अर्जात ती कॅलेंडर बघूनच घाला.